लॉगिन स्क्रीनवरची माय

रविवारी सकाळी पोहे खाताखाता मी ठरवलं की आईसाठी कॉम्प्युटरमध्ये एक वेगळी खोली बांधायची. निर्णय एवढाच होता. पोह्यांची दुसरी बशी संपायच्या आत काम उरकेल, असा माझा अंदाज होता. (माझे अंदाज आमच्या घरात जपून ठेवतात. पाहुणे आले की एकेक काढतात.)

मी सुगत. दर्यापूरच्या एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. राहतो अमरावतीला, कठोरा नाक्याजवळ, आणि रोज जीपनं जाणं-येणं करतो. घरात माझी आई मैनाबाई, सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. अर्धी नोकरी सेमाडोहकडच्या जंगलात आणि अर्धी दर्यापूरकडच्या काळ्या मातीत केलेली. बायको प्रियदर्शनी शाळेत भूगोल शिकवते. शिवाय अकरा वर्षांचा एक कॉम्प्युटर आहे. तीन वर्षांपूर्वी तो इतका हळू झाला होता की सकाळी चालू केला तर दुपारी त्याला मूड यायचा. तेव्हा कॉलेजातल्या लॅबवाल्यानं त्यावर लिनक्स टाकून दिलं. म्हातारा टुणटुणीत झाला, आणि मी त्या दिवसापासून लिनक्सचा प्रचारक झालो. लग्नात पंगतीला शेजारी कोणी अनोळखी माणूस बसला तरी मी त्याला जिलबी येईपर्यंत लिनक्स समजावून सांगतो. जिलबी आली की तो उठून दुसऱ्या ओळीत बसतो.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पडद्यावरची चित्रं तिला मोहरीएवढी दिसायची. ती बातम्या उघडायला जायची आणि भलतंच काहीतरी उघडायचं. मागच्या महिन्यात तिनं कुठं बोट ठेवलं कोण जाणे, सगळा कॉम्प्युटर अशा भाषेत बोलायला लागला की तिची अक्षरंसुद्धा ओळखू येईनात. दोन दिवस मी अंदाजानं बटणं दाबत होतो.

"मले चारच बटनं पाहिजेत," आई म्हणाली. "मोठी. दवाखान्याच्या पाटीवानी."

"कोणती चार?"

"एक सुभद्रा. एक बातम्या. एक पत्ते. आन् एक बंद."

सुभद्रा म्हणजे सुभद्राबाई, आईच्या जुन्या सोबतीण नर्स. त्या हिवरखेडला असतात. दोघी रोज सकाळी दहाला व्हिडिओवर बोलतात. फोनवर सुभद्राबाईंचं तोंड बोराएवढं दिसतं, म्हणून आईला त्या मोठ्या पडद्यावर पाहिजे होत्या.

आता इथं मला थोडं समजावून सांगावं लागेल. (जिलबी अजून आलेली नाही, बसा.) लिनक्स सुरू झालं की पासवर्ड विचारतं, आणि त्या चौकटीशेजारी एक छोटं दातेरी चाक असतं. त्यावर टिचकी मारली की यादी उघडते. तुम्हाला कोणत्या डेस्कटॉपवर जायचंय ते निवडा. म्हणजे दार एकच, आत खोल्या वेगवेगळ्या. आणि गंमत म्हणजे या यादीत आपण स्वतःची खोली घालू शकतो. एका ठरलेल्या जागी चार ओळींची फाइल ठेवायची: खोलीचं नाव काय, आणि आत शिरल्यावर काय चालवायचं. बस. माणूस अमर झाल्यासारखं वाटतं.

मी नाव लिहिलं, 'माय'.

प्रियदर्शनी ओट्याजवळून म्हणाली, "अहो, मंगळवारी माझा व्हायवा आहे. ध्यानात आहे ना? तोवर त्या कॉम्प्युटरले हात नका लावू."

"हात कुठं लावून राहिलो? यादीत फक्त एक नाव वाढवतो."

"मागच्या वर्षी मतदार यादीत माझं नाव वाढवाले तुम्ही फॉर्म भरला होता. त्यात माझ्या नावापुढं स्वतःचा जन्मदिनांक लिहिला."

मी मान खाली घालून टाइप करत राहिलो. काही विषयांत पुराव्यापुढं बोलू नये.

पण तिचा व्हायवा ही साधी गोष्ट नव्हती. पूर्णेच्या काठचा जो खारपाण पट्टा आहे, जिथं जमिनीखालचं पाणी खारट लागतं, तिथल्या गावांच्या पाण्यावर तिनं सात वर्षं पीएच.डी. केली होती. शाळा सांभाळून, स्वयंपाक सांभाळून, आणि मला सांभाळून. सात वर्षांचे रविवार आम्ही स्कूटरवर काढले. मी गाडी चालवायचो, ती मागं बसून विहिरींचं पाणी भरलेल्या बाटल्या मांडीवर सांभाळायची. आता मंगळवारी साडेदहाला ऑनलाइन तोंडी परीक्षा होती, कारण बाहेरचे परीक्षक लांबचे होते. पत्रात ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'मोबाइलवरून सहभागी होऊ नये.' मी तिला म्हणालो होतो, "कॉम्प्युटरची बाजू माझ्यावर सोड." ते तिनं सोडलं होतं. माणूस किती दमलेला असेल, बघा.

तर रविवारी मी 'माय' निवडलं, पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला, एक क्षण तसाच राहिला, आणि पुन्हा पासवर्ड विचारायला लागला. मी पुन्हा टाकला. पुन्हा काळा, पुन्हा पासवर्ड. जावई सासरी गेला आणि दारातूनच परत पाठवला, तसं. आई शेजारी खुर्चीवर बसून पाहत होती.

"अकरा झाले," ती म्हणाली.

"काय अकरा?"

"अकरा खेपा तू आत जाऊन वापस आला. पेशंट असता तं मी डॉक्टरले बोलावलं असतं."

दुपारी चारला कळलं. बटणांचा जो प्रोग्राम मी लिहिला होता, त्या फाइलला चालायची परवानगीच दिलेली नव्हती. लिनक्समध्ये तशी परवानगी द्यावी लागते. एकवीस वर्षं मी लोकांचे अर्ज 'सक्षम अधिकाऱ्याची परवानगी जोडलेली नाही' असा शेरा मारून परत पाठवत आलोय. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या लोकांबद्दल वाईट वाटलं.

परवानगी दिली आणि 'माय' उघडली. काय सांगू. पांढऱ्या पडद्यावर चार हिरवी बटणं, एकेक भाकरीएवढं. सुभद्रा, बातम्या, पत्ते, बंद. बाकी काही नाही. खिडकी बंद करायची फुली नाही, बारीक करायची रेघ नाही, वर पट्टी नाही. खरं म्हणजे हे सगळं मला जमलं नव्हतं, पण आईला मी सांगितलं की तुझ्यासाठी मुद्दाम काढलं. सुभद्राचं बटण दाबलं की व्हिडिओची खोली उघडून सगळा पडदा व्यापायची. त्यातून बाहेर यायला कंट्रोल आणि क्यू एकदम दाबायचं, एवढं तिला शिकवलं. आईनं ते इंजेक्शनच्या डोसासारखं एकदाच ऐकलं आणि पाठ केलं.

"चांगलं केलं बाप्पा," ती म्हणाली.

आई सहसा असं म्हणत नाही. बारावी पास झालो तेव्हाही तिनं फक्त पेढे कुठून आणले ते विचारलं होतं. ही शाबासकी माझ्या डोक्यात गेली. इथं थांबलो असतो तर सगळं ठीक होतं. पण आई म्हणाली, "ते दातेरी चाक काई दिसत नाही मले," आणि मी म्हणालो, तेही काढून टाकू. मी अशी सोय केली की कॉम्प्युटर चालू केला की पासवर्ड नाही, चाक नाही, यादी नाही, तडक 'माय'. आणि 'बंद' दाबलं की सरळ कॉम्प्युटरच बंद. आत आलं की मायच्याच घरात, आणि बाहेर निघालं की थेट अंधार. मधला रस्ता मी स्वतःच्या हातानं बुजवला.

मंगळवारी सकाळी निघण्याआधी पूर्ववत करू, असं ठरवलं होतं. (हा अंदाज नव्हता, निश्चय होता. निश्चय वेगळ्या डब्यात ठेवतात.)

सोमवारी आईनं सुभद्राबाईंशी दोन तास गप्पा मारल्या. मंगळवारी सकाळी मी दाढी केली, डबा घेतला, प्रियदर्शनीला म्हणालो, "अजिबात घाबरू नको," कॉम्प्युटरवरून प्रेमानं हात फिरवला आणि सव्वानऊला नाक्यावरून दर्यापूरच्या जीपमध्ये बसलो.

खोलापूर यायच्या थोडं आधी फोन वाजला. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"अहो, हे काय आहे?" प्रियदर्शनी.

"काय?"

"सुभद्रा, बातम्या, पत्ते, बंद."

माझ्या हातातला डबा पायावर पडला. तिला म्हणालो, "काही नाही झालं. बंद दाब."

"दाबलं. बंद झाला."

"आता चालू कर."

फोनमधून कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर आली. मग ती सावकाश म्हणाली, "सुभद्रा. बातम्या. पत्ते. बंद."

"थांब, दुसरा रस्ता आहे. कंट्रोल, आल्ट आणि एफ तीन, तिन्ही एकदम दाब."

"काळं झालं सगळं."

"छान."

"काळं झालं त्यात छान काय आहे?"

"आता वर नाव विचारून राहिलं असेल. नाव टाक. मग पासवर्ड टाक."

"पासवर्ड उमटून नाही राहिला."

"तो उमटत नसतो. पण घेतो. तू टाकत राहा."

"माहेरी बैलाबद्दल असंच सांगायचे, तो बोलत नाही पण त्याले कळते." हे ती मला नाही, आईला म्हणाली. मग म्हणाली, "झालं. आता?"

"आता लिही. एस, यू, डी, ओ."

"एस, यू, बी, ओ?"

"बी नाही, डी."

"पी?"

"डी. डी. डब्याचा डी."

शेजारी बसलेल्या माणसानं मान वळवली. "दर्यापूरचा डी म्हना," तो म्हणाला. मागच्या बाकावरची बाई म्हणाली, "डाळीचा डी बी चालते." मग अख्खी जीप फोनकडं तोंड करून 'दर्यापूरचा डी' म्हणायला लागली. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. आणि त्याच क्षणी रेंज गेली.

मी परत लावला. लागला नाही. पुन्हा लावला. जीपमधली बारा माणसं माझ्याकडं पाहत होती.

"कोन हाय तिकडं?" शेजारच्यानं विचारलं.

"बायको. तिची सात वर्षांची मेहनत आहे. आणि साडेदहाला परीक्षा आहे."

"मंग तुमी इकडं काहून बसले?"

मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि खोलापूरच्या फाट्यावर उतरलो. उन्हात उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवत होतो. तिचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. रागावलेला नाही, तिनं माझ्यावर विसंबून कॉम्प्युटर चालू केला असेल, त्या क्षणाचा. मला त्या रस्त्यावर कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही. दोघींनी वेगवेगळं सांगितलं, त्यातलं जे जुळतं ते लिहितो.

फोन तुटला तेव्हा प्रियदर्शनी त्या काळ्या पडद्यासमोर बसून होती. स्लाइडी कॉम्प्युटरमध्ये, पेनड्राइव्हवरही होत्या, पण पेनड्राइव्ह उघडायला बटणच नव्हतं. दहा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं ते पाहिलं आणि पुढं येऊन कॉम्प्युटरचं मोठं बटण दाबून ठेवलं. तो बंद झाला. मग चालू केला.

"आई, काही उपयोग नाही. पुन्हा तेच येईल."

"तेच पाहिजे मले," आई म्हणाली. "तुह्या परीक्षेवाल्यांनं नंबर देला असन न एखादा? इंग्रजी अक्षराचा?"

"मीटिंगचा कोड? हो, पत्रात आहे."

"काढून ठेव."

आईनं सुभद्राचं बटण दाबलं. पडदाभर सुभद्राबाई उगवल्या. त्या दहाच्या ठोक्यालाच येऊन बसल्या होत्या. समोर खुर्चीत प्रियदर्शनीला पाहून त्या म्हणाल्या, "मैना, तू लय बारीक झाली व."

"सुभद्रा, ते सून हाय माही. आज तिची परीक्षा हाय. आमी जातो."

"मी गुपचूप बसतो न. परीक्षा पायतो."

"नाई. तू तिथंच थांब," आई म्हणाली, आणि फोन कापायचं लाल चिन्ह दाबलं. सुभद्राबाई गेल्या आणि एक मोकळं पान आलं. त्यात मधोमध एक रिकामी चौकट होती.

"हे पाय. फोन कापला का हा रकाना येते. काल सुभद्रा भलत्याच खोलीत जाऊन बसली होती, तवा तिचा कोड मी यातच टाकला होता."

ही चौकट मला माहीत नव्हती. ती बांधकामात नव्हती. आईला ती एका दिवसात सापडली, कारण ती पडद्यावर जे लिहिलंय ते वाचते. मी वाचत नाही, मला येतं.

परीक्षा नशिबानं सुभद्राबाईंच्याच व्हिडिओ-ॲपवर होती. प्रियदर्शनीनं कोड टाकला. साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना ती परीक्षेत दाखल झाली. नाव उमटलं, 'माय'.

तिकडं तिघं होते: तिच्या गाइड मॅडम, विद्यापीठाचे एक अधिकारी, आणि बाहेरचे परीक्षक. परीक्षक पुण्याकडचे, करड्या मिशांचे, हळू बोलणारे. ते कागदात पाहत म्हणाले, "नमस्कार. आपण श्रीमती... माय?"

"सर, मी प्रियदर्शनी. ते नाव कॉम्प्युटरचं आहे."

"बरं. आपल्या स्लाइड दाखवा."

स्लाइडी दाखवायला खिडकी पाहिजे, आणि 'माय'मध्ये खिडकीच नव्हती. प्रियदर्शनीनं एकदा श्वास घेतला आणि म्हणाली, "सर, तांत्रिक अडचण आहे. मी तोंडी सांगते. नकाशे माझ्याजवळ कागदावर आहेत."

प्रबंधाच्या शेवटी घडीचे मोठे नकाशे असतात. आईनं ते उलगडले आणि कॅमेऱ्यापुढं धरले. सलाईनची बाटली धरावी तसे, हात जराही न हलवता. प्रियदर्शनी पेन्सिलीनं एकेक गाव दाखवत बोलत गेली. ही पूर्णा, हा काठ, इथपर्यंत गोडं पाणी, इथून खाली खारं. स्लाइडी असत्या तर ती त्यांच्याकडं पाहून वाचत बसली असती. आता तिला सगळं आठवणीनं सांगावं लागत होतं, आणि सात वर्षांचं सगळं तिच्या आठवणीत होतं. वीस मिनिटं ती थांबली नाही. आई नकाशामागं होती; पडद्यावर तिची फक्त आठ बोटं दिसत होती.

मग परीक्षकांनी प्रश्न विचारले. पाच-सहा झाले. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही लिहिलंय की पाण्यातल्या क्षारांची लोकांना पूर्वीपासून जाण होती. हे कशावरून म्हणता? मोजणी तर अलीकडची आहे."

प्रियदर्शनी उत्तर द्यायला लागली, तेवढ्यात नकाशामागून आवाज आला.

"साहेब, मी सांगू काय?"

"कोण बोलतंय?"

"मी नकाशा धरनारी."

गाइड मॅडमनी कपाळाला हात लावला. परीक्षक म्हणाले, "सांगा."

"मी नर्स होतो तिकडल्या गावात. जुलाबाची साथ आली का आमी मीठ-साखरेच्या पुड्या वाटो, पान्यात कालवून प्याले. तं एक म्हातारी मले म्हने, बाई, मीठ तं आमच्या विहिरीतच हाय, तू फक्त साखर देऊन जाय."

मग परीक्षकांच्या करड्या मिशा हलायला लागल्या. ते बराच वेळ हसले. हसून झाल्यावर त्यांनी प्रियदर्शनीला विचारलं, "हे प्रबंधात आहे का?"

"आहे, सर. पान एकशे बारा. मुलाखत क्रमांक सात."

"आणि मुलाखत कोणाची?"

"ज्यांनी नकाशा धरलाय त्यांची."

परीक्षकांनी पान उघडून पाहिलं. चष्मा काढला. म्हणाले, "माहिती देणारी व्यक्ती परीक्षेला हजर असल्याचं मी पहिल्यांदाच पाहतोय."

हे सगळं चालू असताना मी एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, दोन कॅनांच्या मध्ये बसून वलगाव ओलांडत होतो. सव्वाअकराला घराशी उतरलो. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. जिना चढताना मी मनातल्या मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. आधी माफी, मग दुरुस्ती, मग गाइड मॅडमना फोन करून हात जोडायचे.

दार उघडंच होतं. आत पाहिलं तर पडद्यावर मोठ्या अक्षरात 'माय', आई कॅमेऱ्यासमोर मोठा कागद धरून उभी, आणि प्रियदर्शनी बाजूला गप्प बसलेली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. परीक्षा बुडाली, आणि आई सुभद्राबाईंना काहीतरी दाखवत बसलीय. मला आयुष्यात इतकं दुःख आणि इतकी घाई एकदम कधीच झाली नव्हती.

"आई, सरक," मी म्हणालो आणि झेप घेतली.

पडद्यावरच्या बाई म्हणत होत्या, "तर समितीनं एकमतानं असं ठरवलंय की प्रियदर्शनी यांना..."

मी कंट्रोल आणि क्यू दाबलं.

चार हिरवी बटणं आली. घरात एवढी शांतता झाली की खाली भाजीवाला कोणत्या भावानं वांगी देतोय ते स्पष्ट ऐकू आलं. आईनं नकाशा हळूच खाली केला. प्रियदर्शनी माझ्याकडं पाहत होती. ती काही बोलली नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली, तिचं सगळं बोलणं मला झेपलंय. हे नाही झेपलं.

"त्या तुझ्या..." मी म्हणालो, "त्या गाइड मॅडम होत्या का?"

"होत्या," आई म्हणाली. "आता तू तिकडं भिंतीजवळ उभा राय. कशाले हात लावू नको."

मी भिंतीजवळ उभा राहिलो. आईनं सुभद्राचं बटण दाबलं. सुभद्राबाई अजून तिथंच बसल्या होत्या. मधल्या वेळात त्यांनी मेथी निवडायला घेतली होती.

"झाली काय पास?" त्यांनी विचारलं.

"सांगत होते तेवढ्यात सुगत आला," आई म्हणाली.

"अरे देवा," सुभद्राबाई म्हणाल्या. त्या मला लहानपणापासून ओळखतात.

लाल चिन्ह, रिकामी चौकट, कोड. प्रियदर्शनी अजून माझ्याकडंच पाहत होती, म्हणून कोड आईनं टाकला, एका बोटानं, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. तिकडच्या लोकांनी आत घेतलं. गाइड मॅडम जरा काळजीत दिसत होत्या.

"प्रियदर्शनी, काय झालं? आम्हाला वाटलं तुम्हाला चक्करबिक्कर आली."

"नाही मॅडम. वीज... नाही, वीज नाही. घरात जरा गडबड झाली."

"बरं, ऐका आता. समितीनं एकमतानं तुम्हाला पीएच.डी. देण्याची शिफारस केली आहे. अभिनंदन, डॉक्टर प्रियदर्शनी."

ती उठून उभी राहिली. कॅमेऱ्यासमोर हात जोडले, आणि मग वळून आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आई तिच्या पाठीवर थोपटत राहिली. मीही भिंतीजवळ रडत होतो, पण तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

परीक्षक फाइल बंद करत होते. त्यांना काहीतरी आठवलं. "मघाशी एक गृहस्थ धावत आले आणि सगळं बंद पडलं. ते कोण होते?"

आईनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मुलाची लाज राखावी की परीक्षकांना खरं सांगावं, असा थोडा विचार केला असावा.

"तो आमचा कम्प्युटरवाला," ती म्हणाली. "रोजचा नाई."

त्या दिवशी दुपारी मी रजेचा अर्ज लिहिला (कारण: कौटुंबिक), आणि 'माय' आपोआप उघडायचं काढून टाकलं. पूर्ण खोलीच पाडणार होतो, पण दोघींनी अडवलं. आईला चार बटणं पाहिजेच होती. आणि प्रियदर्शनी म्हणाली की राहू द्या, यादीत असू द्या, फक्त तुम्ही त्या यादीजवळ जाऊ नका. संध्याकाळी तिनं मला चहा दिला. साखर घातली होती. म्हणजे माफ केलं होतं, किंवा ती करायच्या मार्गावर होती. मी पुढचे काही दिवस भांडी घासली, न सांगता, आणि एकही अंदाज व्यक्त केला नाही.

दोन महिन्यांनी प्रबंधाची दुरुस्त केलेली शेवटची प्रत छापायला जायची होती. प्रियदर्शनीनं ती वाचून शुद्धलेखन तपासायला मला दिली. एकवीस वर्षं टिपणं लिहिणाऱ्या माणसाचं एवढं तरी चालतं. मी सुरुवातीपासून नीट वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर ऋणनिर्देश होता. गाइड मॅडमचे आभार, गावागावांत पाणी देणाऱ्या लोकांचे आभार. सासूबाई मैनाबाई यांचे आभार, दहा ओळी. हिवरखेडच्या सुभद्राबाईंचे आभार, दोन ओळी. मग माझं नाव आलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. तिथं लिहिलं होतं:

'माझे पती सुगत यांची मी कायम ऋणी राहीन, कारण मौखिक परीक्षेची पहिली पंचेचाळीस मिनिटे ते घरामधे नव्हते.'

मी ते तीनदा वाचलं. मग लाल पेन घेतलं, 'घरामधे'चं 'घरामध्ये' केलं आणि प्रत तिला परत दिली.